फिरत्या गाडीवरचं बार्बेक्यू खावं का? खा, पण आधी धूर बघा आणि मग डबा बघा

प्रश्न थोडक्यात असा होता, रस्त्याच्या कडेला एक माणूस ट्रेलरवर मोठा काळा स्मोकर (धुरावर मांस शिजवायची पेटी) ओढत आणतो, आठवड्यातून एखाद-दोन दिवस दिसतो मग गायब, वास असा सुटतो की गाडीचा वेग आपोआप कमी होतो, पण पक्कं दुकान नाही, आज इथे उद्या तिथे, मग त्याच्याकडचं खावं की नको, आणि खायचंच तर काय मागवावं आणि चांगलं आहे हे ओळखावं कसं.

मी हे काम सतरा वर्षं केलंय. पहिली चार वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर रात्रीची आग सांभाळायला होतो, नंतर स्वतःचा ट्रेलर घेतला. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, घाई असेल त्यांनी एवढंच वाचा: बिनधास्त खा, फक्त मांस आगीवरून किती वाजता उतरलं आणि तेव्हापासून कुठे ठेवलंय हे विचारा. तो ते न अडखळता सांगू शकला तर बाकीच्या नव्वद टक्के काळज्या सोडून द्या.

आता सविस्तर.

पहिलं म्हणजे "फिरता आहे म्हणून भरवसा नाही" हे डोक्यातून काढा. बार्बेक्यू हा प्रकारच मुळात उघड्यावरचा आहे. शब्दसुद्धा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या 'बार्बाकोआ'वरून आला असं मानतात, म्हणजे काठ्यांचं मचाण. अमेरिकेत कॅन्सस सिटी आज बार्बेक्यूची राजधानी म्हणून मिरवते, तिथे हेन्री पेरी यांनी १९०८ च्या सुमाराला गल्लीतल्या स्टँडवरून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून मांस विकायला सुरुवात केली, मोठी रेस्टॉरंटं नंतर आली. तर पक्क्या भिंती नसणं हा दोष नाही. फिरत्या गाडीच्या अडचणी वेगळ्या असतात आणि त्या दिसतात, बघायची सवय लागली की दोन मिनिटांत दिसतात.

त्याआधी एक फरक समजून घ्या, कारण बार्बेक्यू या एकाच नावाखाली दोन वेगळी कामं चालतात. एकात निखाऱ्यावर थेट जाळी, सळईवर किंवा जाळीवर छोटे तुकडे, पाच-दहा मिनिटांत भाजून ताटात. दुसऱ्यात आग एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, मध्ये फक्त गरम हवा आणि धूर, साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला आठ-दहा-बारा तास. पहिल्यात धोका असतो तो आतून कच्चं राहण्याचा. दुसऱ्यात कच्चं राहायचा प्रश्न जवळपास नसतोच, बारा तासांत कच्चं काय राहणार, तिथे धोका असतो शिजून झाल्यावरचा. लोक नेमकं उलटं करतात, स्मोकरच्या गाडीवर जाऊन "नीट शिजलंय ना" विचारतात आणि निखाऱ्याच्या गाडीवर काहीच विचारत नाहीत.

स्मोकरवाल्याचा दिवस कसा असतो ते सांगतो म्हणजे लक्षात येईल. तुम्ही त्याला दुपारी बारा वाजता बघता, त्याची आग आदल्या रात्री पेटलेली असते. ब्रिस्केट म्हणजे छातीचा भाग, किंवा पोर्कचा खांदा, हे जनावराचे राबणारे स्नायू, दिवसभर वजन उचलणारे, त्यामुळे आत कोलॅजन, म्हणजे चिवट प्रथिन, खच्चून भरलेलं. झटपट भाजलं तर चामडं. ७० अंशाच्या वर बराच वेळ राहिलं की ते कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन होतं आणि तोच भाग लुसलुशीत होतो. आतलं तापमान ९३ ते ९६ च्या आसपास गेलं की उतरवायचं. पण मध्ये एक घाट लागतो, साधारण ६५ ते ७५ च्या दरम्यान थर्मामीटरचा काटा अडकतो आणि तासनतास हलत नाही. मांसाला घाम फुटल्यासारखं पाणी वर येतं, ते उडताना मांसाला गार करत राहतं, आग तापवतेय आणि पाणी थंड करतंय, दोन्ही बरोबरीत. पहाटे तीन-चारला हे होतं. नवा माणूस इथे हमखास घाबरतो, ओंडक्यावर ओंडके टाकतो, वरचा थर करपतो आणि आत चिवट राहतं. जुना माणूस एकतर मुकाट्याने बसून राहतो नाहीतर फॉइलमध्ये किंवा जाड कागदात गुंडाळून टाकतो म्हणजे पाणी उडणं थांबतं आणि काटा पुन्हा चालू लागतो. मला आजही ती वेळ आवडते, सगळीकडे अंधार, आगीच्या पेटीचं दार उघडलं की तेवढाच उजेड, आणि थर्मामीटरवर तीच संख्या, ६८, ६८, ६८.

सांगायचा मुद्दा हा की मांस सकाळी सात-आठला तयार होतं आणि तुम्ही खाता दुपारी एकला, किंवा संध्याकाळी सहाला. मधले हे जे पाच-दहा तास आहेत ना, चांगला गाडीवाला आणि वाईट गाडीवाला यांच्यातला सगळा फरक तिथे आहे.

मांस गरम ठेवायचं म्हणजे ६० अंशाच्या वर ठेवायचं, आणि गार ठेवायचं म्हणजे ५ च्या खाली. मधला पट्टा जंतूंचा. काही जंतू असे असतात की शिजवताना त्यांचे बीजाणू मरतच नाहीत, क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा एक आहे तो तर ह्याच कामातला नेहमीचा, मोठा मांसाचा गोळा हळूहळू कोमट होत गेला की आत हवा नाही, ऊब भरपूर, त्याला दुसरं काय पाहिजे. ४३ ते ४७ अंशाला तो सगळ्यात जोरात वाढतो. खाल्ल्यावर साधारण सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा आणि जुलाब, आणि लोक शेवटी खाल्लेल्या दुसऱ्याच कशाला तरी दोष देतात कारण मधे एक जेवण होऊन गेलेलं असतं.

स्वतःचा ट्रेलर घेतल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. एका मैदानावर दुपारी बाराला विक्री सुरू व्हायची होती, पाऊस आला, चार तास सगळं थांबलं. माझ्याकडे पोर्कचे दोन खांदे जाड भिंतीच्या डब्यात होते, ज्यात लोक बर्फ ठेवतात तेच डबे आम्ही गरम ठेवायला वापरतो. डबा गच्च भरलेला असला तर चार-पाच तास सहज ६० च्या वर टिकतं, पण माझा अर्धा रिकामा होता आणि रिकामी जागा उष्णता खाते हे मला तेव्हा एवढं कळत नव्हतं. साडेचारला झाकण उघडलं, वाफ नाही, पण वास इतका सुंदर की समोर उभी माणसं दोन पावलं पुढे आली. थर्मामीटरची सळई खुपसली तर ४७. शेवटचं मोजलं होतं सकाळी, म्हणजे ६० च्या खाली कधी गेलं, एक तासापूर्वी की चार तासांपूर्वी, मला सांगता येत नव्हतं. दोन्ही खांदे फेकले. रात्रभराची आग आणि लाकूड गेलं, आणि समोरची माणसं नाराज होऊन गेली, त्यातल्या एकाने तर विचारलं की एवढं चांगलं दिसतंय मग फेकता कशाला. दिसण्यावर आणि वासावर कळत नाही, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं. तेव्हापासून डब्यात एक थर्मामीटर कायमचा आत आणि त्याचा आकडा बाहेर, आणि डबा अर्धा असला तर गरम पाण्याच्या बाटल्या भरून जागा भरतो.

म्हणून म्हणतो, गाडीपाशी गेलात की विचारा, "कधी उतरवलंत आणि कशात ठेवलंय?" ज्याला काम येतं त्याला हा प्रश्न आवडतो, तो डब्याचं झाकण उघडून दाखवेल, भसकन वाफ तोंडावर येईल, कदाचित काट्याचा आकडाही दाखवेल. जो चिडतो किंवा "ताजंच आहे हो" एवढंच म्हणतो तिथे मी स्वतः थांबत नाही. आणि कापून ठेवलेल्या तुकड्यांचा ढीग उघड्या ट्रेमध्ये असेल तर नको. अख्खं मांस तासनतास गरम राहतं, कापलेलं दहा-पंधरा मिनिटांत कोमट आणि कोरडं. तुमच्यासमोर कापतोय का बघा.

आता धूर. लांबूनच बघता येतो हा. चांगल्या आगीचा धूर पातळ असतो, निळसर, कधीकधी दिसतसुद्धा नाही, नुसती हवा थरथरताना दिसते. पांढरा, दाट, ढगासारखा धूर सतत येत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा आगीला हवा मिळत नाहीये, अर्धवट जळतंय. त्यातलं कडू काजळीसारखं सगळं मांसावर बसतं, खाल्ल्यावर जीभ बधिर झाल्यासारखी वाटते आणि कडवटपणा तासभर जात नाही. पेटवताना पंधरा-वीस मिनिटं पांढरा धूर सगळ्यांचाच येतो, नवीन ओंडका टाकला की थोडा वेळ येतो, त्यावरून लगेच निकाल देऊ नका, जरा थांबून बघा. रॉकेलसारखा वास येत असेल तर मात्र परत फिरा, पेटवायचं द्रव नीट जळून जायच्या आत मांस चढवलंय. लाकडाच्या ढिगाकडे पण नजर टाका. फळझाडांचं किंवा ओकसारखं कठीण, वाळलेलं लाकूड पाहिजे. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड, मोडकं फर्निचर, चिकट राळेची लाकडं, असलं काही दिसलं तर तिथे खाऊ नका, त्यात रसायनं असतात आणि ती धुरातून मांसात येतात.

फिरत्या गाडीची खरी अडचण पाणी. आगीचं सगळ्यांना दिसतं, पाण्याचं कोणी विचारत नाही. पक्क्या दुकानात नळ असतो, गाडीवर टाकीतलं पाणी, आणि तेही संपतं. हात धुवायला पाणी आणि साबण आहे का, आणि तो खरंच वापरतो का हे रांगेत उभं असताना बघा. हातमोजे घातले म्हणजे झालं असं नाही, त्याच हातमोज्याने पैसे घेतले, नाक पुसलं आणि मांस कापलं तर हातमोजा फक्त त्याच्या हाताचं संरक्षण करतोय, तुमचं नाही. चांगल्या गाडीवर पैसे घेणारा एक आणि कापणारा दुसरा असतो, एकटा असला तर मध्ये हात धुतो. हातातून स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू जातो, तो कोमट मांसात विष तयार करतो आणि ते विष परत गरम करूनही जात नाही. निखाऱ्यावाल्या गाडीवर अजून एक बघायचं, कच्च्या मांसाला मसाला लावायचा ब्रश आणि भाजलेल्यावर सॉस फिरवायचा ब्रश एकच आहे का, चिमटा एकच आहे का. ही चूक मी चांगल्या अनुभवी लोकांच्या हातून झालेली बघितलीय, गर्दीत होते, पण झाली की झाली.

परवान्याचं थोडक्यात, बहुतेक ठिकाणी फिरत्या गाडीलाही खाद्यपदार्थांचा परवाना लागतो आणि तो दर्शनी लावलेला असतो. लावलेला असेल तर चांगलं, मी तरी तेवढ्यावर विसंबत नाही.

मागवायचं काय. पहिल्यांदा जाताय तर सगळ्यात कमी प्रमाणात, आणि सॉस वेगळा द्यायला सांगा. हे माझं ठाम मत आहे. सॉस वाईट नसतो पण तो झाकतो, कोरडेपणा झाकतो, कालचं मांस असेल तर तेही झाकतो. पहिला घास नुसता खा. ब्रिस्केट असेल तर पेन्सिलच्या जाडीचा काप बोटावर आडवा टाका, तो दोन्ही बाजूंनी लवून खाली वाकला पाहिजे पण तुटता कामा नये, मग दोन्ही टोकं धरून हळू ओढा, थोडासा विरोध करून सुटला की समजा त्याने वेळेवर उतरवलंय. हात लावताच भुगा झाला तर जास्त झालंय किंवा खूप वेळ डब्यात पडलंय, रबरासारखं ताणलं गेलं तर कमी झालंय. रिब्सचं, म्हणजे बरगड्यांचं, पण तसंच, "हाडावरून आपोआप गळून पडतं" अशी जाहिरात करतात, पण गळून पडणं म्हणजे थोडं जास्तच झालं, चावलं तर दाताची खूण उमटावी आणि तेवढाच तुकडा स्वच्छ निघावा. अर्थात ज्यांना गळून पडणारं आवडतं त्यांनी तसं खावं, त्यात अपाय काही नाही. वरची काळी साल बघून करपलंय म्हणू नका, ती मसाला, चरबी आणि धूर मिळून तयार झालेली असते, खरपूस आणि खारट-गोड लागते, कडू लागली तर मात्र करपलेलीच. निखाऱ्यावरच्या तुकड्यांवर ज्वाला लागून खरंच कोळसा झालेला भाग असेल तर तो काढून टाका, त्यात शरीराला नको असलेली द्रव्यं तयार झालेली असतात आणि चवही नसते.

गुलाबी रंगाबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. स्मोकरमधल्या मांसाच्या कडेला आतून एक गुलाबी रेघ असते, काही मिलिमीटरची, ते कच्चं नाही. धुरातले वायू मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाला चिकटतात आणि रंग धरून ठेवतात. तिचा चवीशी काही संबंध नाही, आणि ती नसली म्हणून मांस वाईट असंही नाही. चिकनमध्ये मात्र गोंधळ होतो, कोवळ्या कोंबडीच्या हाडाजवळ पूर्ण शिजल्यावरही लालसर दिसू शकतं, आणि पांढरं दिसणारं पण कमी शिजलेलं असू शकतं. म्हणजे रंगावर जाऊच नका, चिकन आत ७४ अंश, खिमा किंवा खिम्याचे कबाब ७१, आणि गाडीवाल्याकडे खुपसायचा थर्मामीटर दिसला पाहिजे. खिशाला पेनसारखा अडकवलेला असतो. मी तर गाडीवर गेलो की पहिलं तेच शोधतो. नसेल तर स्मोकरवरचं मोठं मांस एकवेळ घेईन, निखाऱ्यावरचं चिकन नाही घेणार.

भावाबद्दल पण लोक कुरकुरतात म्हणून सांगतो, पाच किलोचं कच्चं ब्रिस्केट चरबी छाटून, शिजून, पाणी आणि चरबी गळून हातात येतं साधारण अडीच किलो. वर रात्रभराचं लाकूड आणि एका माणसाची झोप. फार स्वस्त मिळालं तर मला आनंद होत नाही, मी विचारात पडतो.

वेळ. विक्री सुरू झाल्यापासून पहिल्या दीड-दोन तासांत जा. फिरत्या माणसाचे पण वार आणि जागा ठरलेल्या असतात, एकदा विचारलं की तो सांगतो. "संपलं" अशी पाटी लावून लवकर निघून जाणारा गाडीवाला मला फार आवडतो, त्याने तेवढंच शिजवलं जेवढं विकलं जाईल. रात्री नऊलाही सगळंच्या सगळं मिळत असेल तर विचारा की हे आजचं की कालचं. कालचं असणं हा गुन्हा नाही, पण मग ते रात्री पटकन गार केलेलं पाहिजे, म्हणजे मोठा गोळा तसाच न ठेवता छोटे भाग करून, पसरट भांड्यात, दोन तासांत २१ च्या खाली आणि पुढच्या चार तासांत ५ च्या खाली, आणि आज परत ७४ पर्यंत कडक गरम केलेलं. फिरत्या गाडीवर एवढी सोय क्वचितच असते, म्हणून मी घेत नाही.

घरात लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा आजारपणातून उठलेलं कोणी असेल तर त्यांच्यासाठी समोर सळईवर भाजून, वाफ निघतानाच दिलेलं घ्या, डब्यातलं नको. आणि एक, पावसात काही गाडीवाले चहूबाजूंनी ताडपत्री सोडून आत निखारे ठेवतात, अशा बंद जागेत उभं राहून खाऊ नका. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखायला लागतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

पार्सल घेतलं तर दोन तासांच्या आत खा, बाहेर फार ऊन असेल तर एका तासात, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून बाकीची कामं उरकत बसू नका. उरलेलं फ्रीजमध्ये, आणि परत गरम करताना मायक्रोवेव्हमध्ये कोरडं करण्यापेक्षा फॉइलमध्ये चमचाभर पाणी किंवा त्याच मांसाचा गळलेला रस घालून, घट्ट बंद करून, मधोमध वाफाळेपर्यंत. तो रस गाडीवाल्याकडे मागितला तर देतो, ट्रेच्या तळाला असतो, पुष्कळ जण मागतच नाहीत.